व्हिएंटियान ते हनोई, रात्रीची स्लीपर बस आणि सोबत आई

प्रश्न थोडक्यात असा: 62 वर्षांची आई आणि तिचा मुलगा बँकॉकहून ट्रेनने लाओसच्या राजधानीत, व्हिएंटियानला, येणार आहेत. तिथून व्हिएतनाममधल्या हनोईला जायला एका एजंटने 'व्हीआयपी स्लीपर, थेट, वीस तास' असं तिकीट देऊ केलं आहे. आईचे गुडघे दुखतात, पण रोजचं फिरणं चालू आहे. दोघंही शाकाहारी. ही बस घ्यावी का, व्हिसा कसा करायचा, सीमेवर नेमकं काय होतं आणि परतताना त्याच रस्त्याने यावं का?

मी या देशांमधून बसने छोटे गट घेऊन जाते. बहुतेक माणसं आपल्याकडचीच असतात आणि बरीचशी पन्नाशीच्या पुढची. म्हणून आधी निकाल सांगते, मग कारणं. तुम्ही एकटे असता तर खुशाल जा म्हटलं असतं. आईंना घेऊन हा रस्ता रात्रीच्या बसने करू नका. जमिनीवरूनच जायचं असेल तर व्हिएंटियानहून खाली सावन्नाखेतला उतरा, तिथून दिवसाच्या बसने लाओ बाओच्या नाक्यावरून व्हिएतनाममध्ये हुएला जा, आणि हुएहून हनोईला रात्रीची रेल्वे धरा. दोन-तीन दिवस जास्त लागतील. जमिनीवरून जायचा आग्रह नसेल तर विमान तासाभरात पोचवतं, त्यात कमीपणा काही नाही.

बहुतेक लोक तिकीट काढताना बर्थचे फोटो बघतात, चार्जिंगचं पॉइंट आहे का ते विचारतात. एका देशातल्या प्रवासाला ते पुरतं. देश ओलांडायचा असेल तेव्हा मात्र सगळा प्रवास सीमेवरच्या नाक्यावर ठरतो. नाका किती वाजता उघडतो, आपली बस तिथे किती वाजता पोचते, आपल्या व्हिसावर त्याच नाक्याचं नाव आहे का आणि दोन्ही चौक्यांच्या मध्ये किती चालायचं आहे, या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की बस कुठली घ्यायची ते आपोआप कळतं.

तुमच्या एजंटची बस कशी जाते ते बघा. व्हिएंटियानच्या दक्षिण बस स्थानकातून ती संध्याकाळी सुटते. हे स्थानक शहराच्या मध्यापासून बरंच लांब आहे, टुकटुकसाठी वेळ हाताशी ठेवावा लागतो. मग रस्ता क्रमांक 13 ने मेकाँगच्या बाजूबाजूने पाकसान, पुढे डावीकडे वळून रस्ता क्रमांक 8 ने डोंगरात, लाक साओ गावातून नाम फाओच्या नाक्यावर. पलीकडच्या व्हिएतनामी बाजूचं नाव काउ त्रेओ. ही आन्नामी डोंगररांगेतली खिंड आहे. व्हिएतनामी लोक या रांगेला त्रुओंग सोन म्हणतात. बस इथे पहाटेच्या अंधारात पोचते आणि नाका उघडतो सकाळी सातच्या सुमाराला. तोवर इंजिन बंद, एसी बंद, दिवे बंद.

हे तीन-चार तास तिकिटावर कुठेच लिहिलेले नसतात. बाहेर धुकं आणि ओली थंडी, आत चाळीस माणसांच्या श्वासांनी पाणी धरलेल्या काचा. स्वच्छतागृह असलं तर एखाद्या टपरीच्या मागे, बॅटरी घेऊन शोधायचं. उजाडल्यावर बसचा सहायक पासपोर्ट गोळा करतो किंवा सगळ्यांना खिडकीकडे पिटाळतो. तिथे रांग नसते. खिडकीच्या फटीतून आत सरकवलेले पासपोर्टांचे गठ्ठे असतात आणि त्यांच्यावर झुकलेली माणसं असतात. आपला पासपोर्ट सहायकाच्या गठ्ठ्यात गेला असेल तर तो शिक्का होऊन परत हातात येईपर्यंत त्या खिडकीवरची नजर हलवू नका. लाओसचा बाहेर पडण्याचा शिक्का घेऊन जवळपास किलोमीटरभर पायी, चढ-उताराच्या रस्त्याने, ट्रकांच्या ओळीच्या कडेने व्हिएतनामच्या चौकीत. तिथे व्हिसा, शिक्का, सामान एक्स-रे यंत्रातून. बसमधला माल तपासला जातो, आणि या बसमध्ये माल भरपूर असतो: पोती, खोकी, कधी मधल्या वाटेतही रचलेली. सगळं उरकून बस पुन्हा हलायला आणखी दोनेक तास जातात. पुढे घाट उतरून विन्ह, तिथून उत्तरेकडे हनोई. संध्याकाळी शहराच्या दक्षिणेकडच्या नुओक न्गाम स्थानकात सोडतात. वीस तासांचे चोवीस सहज होतात.

तिशीतल्या माणसाला हे निभतं. दुखऱ्या गुडघ्यांनी रात्रभर एकाच स्थितीत पडून राहायचं आणि मग थंडीत ते किलोमीटरभर उतरायचं, हे मी माझ्या गटातल्या कुणाला करायला लावत नाही.

आता बर्थबद्दल, कारण आपल्या मनातली स्लीपर बस वेगळी असते. पुणे-नागपूर ट्रॅव्हल्समध्ये एका बाजूला दुहेरी, एका बाजूला एकेरी, सपाट गादी, आडवं पडलं की झालं. व्हिएतनामी पद्धतीच्या बसमध्ये एकेरी बर्थच्या तीन रांगा असतात, मध्ये दोन अरुंद वाटा, वर-खाली दोन मजले. बर्थ पूर्ण सपाट होत नाही. पाठ अर्धवट उचललेली राहते आणि पाय पुढच्या माणसाच्या पाठीखालच्या फायबरच्या खोक्यात सरळ घालायचे. गुडघा दुमडून कुशीवर वळायला त्या खोक्यात जागा नसते. उंच माणसाची पावलं टोकाला टेकतात. बसमध्ये चढताना चपला-बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घ्यायचे असतात. थांब्यांवर बसवाले सगळ्यांसाठी सामायिक प्लास्टिकच्या स्लिपर ठेवतात. अलीकडे पडद्याच्या केबिन असलेल्या, वीस-बावीस बर्थच्या गाड्या निघाल्या आहेत. त्यात पाय पसरता येतात आणि गुडघ्यांना त्या कितीतरी बऱ्या. पण त्या बहुतेक व्हिएतनामच्या आतल्या मार्गांवर धावतात. सीमा ओलांडणाऱ्या गाडीसाठी एजंटने केबिनचा फोटो दाखवला, तर तीच गाडी सीमेपलीकडे जाणार का हे त्याच्याकडून लिहून घ्या.

तरीही कधी स्लीपर बसमध्ये बसायची वेळ आली, तर आईंसाठी खालचा, खिडकीकडचा, गाडीच्या मध्यभागातला बर्थ घ्या. मधल्या रांगेला धरायला भिंत नसते आणि घाटात माणूस दोन्ही बाजूंना लोळतो. शेवटच्या ओळीत पाच बर्थ एकमेकांना चिकटून असतात, खाली इंजिनाची धग, आणि परदेशी प्रवाशांना नेमकं तिकडेच ढकलायची काही सहायकांची सवय असते. तिकिटावर बर्थ क्रमांक असेल तर शांतपणे त्याच बर्थवर जाऊन बसा. लाओसच्या आत व्हिएंटियान ते पाक्से अशा रात्रीच्या गाड्यांमध्ये दोघांना मिळून एक बर्थ असतो. आई-मुलाला तो सोयीचा आहे, पण एकट्या बाईने तिकीट काढताना शेजारी कोण येणार ते विचारायलाच हवं, नाहीतर दोन्ही जागांचे पैसे भरावेत.

व्हिसाचं मी जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण माणसं रडकुंडीला आलेली मी इथेच पाहिली आहेत. व्हिएतनामचा ई-व्हिसा भारतीयांना ऑनलाइन मिळतो. 15 ऑगस्ट 2023 पासून तो 90 दिवसांपर्यंतचा असतो. सरकारी फी एकदा प्रवेशासाठी 25 डॉलर, अनेकदा प्रवेशासाठी 50 डॉलर. अर्जात कुठल्या नाक्यावरून आत येणार ते निवडावं लागतं आणि तेच नाव व्हिसावर छापून येतं. बरेच जण तिथे सवयीने नोई बाय, म्हणजे हनोईचा विमानतळ, टाकतात आणि मग बसने जायचं ठरवतात. विमानतळाचं नाव असलेला व्हिसा घेऊन डोंगरातल्या नाक्यावर उभं राहिलात तर परत पाठवतील. बस तुमच्यासाठी थांबणार नाही, आणि मागे लाओसचा बाहेर पडल्याचा शिक्का आधीच बसलेला असेल. तुमच्या बाबतीत लाओ बाओ निवडायचं. लाओ बाओ आणि काउ त्रेओ दोन्ही ई-व्हिसाच्या यादीत आहेत, पण एकाच्या जागी दुसरा चालेल असं गृहीत धरू नका.

दुसरी गोष्ट नावाची, आणि ती खास आपली आहे. आपल्या पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. विमानाच्या तिकिटावर ते गाळायची सवय झालेली असते, म्हणून व्हिसाच्या अर्जातही गाळलं जातं. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यात आहे तसं पूर्ण नाव भरा. आईंच्या पासपोर्टवर लग्नाआधीचं नाव असेल तर तेच. जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. चूक निघाली तर दुरुस्तीत दिवस जातात, आणि बऱ्याचदा फी भरून नव्याने अर्ज करणंच सोपं पडतं.

व्हिसाची सुरुवातीची तारीख प्रत्यक्ष दिवसाच्या दोन-तीन दिवस आधीची टाका. त्या तारखेआधी आत घेत नाहीत, नंतर चालतं, त्यामुळे मागे सरकवण्यात तोटा काही नाही. व्हिसाच्या दोन छापील प्रती जवळ ठेवा. डोंगरात मोबाइलचं नेटवर्क जातं, आणि खिडकीतल्या माणसाला कागदच हवा असतो.

थायलंडमध्ये शिरण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. 1 मे 2025 पासून तो सगळ्या परदेशी प्रवाशांना सक्तीचा आहे. लाओसचा व्हिसा भारतीयांना सीमेवर मिळतो. त्याला फोटो आणि डॉलर लागतात. लाओसचा ई-व्हिसाही आहे, पण तो सगळ्या नाक्यांवर चालत नाही. अर्ज भरण्याआधी ज्या नाक्यावरून शिरणार त्याचं नाव यादीत आहे का ते बघा. तुमची बँकॉकची ट्रेन, जी जुलै 2024 पासून थेट व्हिएंटियानच्या खामसावाथ स्थानकापर्यंत जाते, त्यात नोंग खायला उतरून थायलंडचा शिक्का घ्यायचा असतो आणि लाओसचं काम खामसावाथला होतं. पहिल्यांदा जमिनीवरून देश ओलांडणाऱ्याला हा फार चांगला सराव आहे: उजेडात, छपराखाली, बसायला बाकं असलेला.

डॉलर कोरे करकरीत हवेत. चिमूटभर फाटलेली किंवा पेनाची रेघ असलेली नोट लाओस-कंबोडियात नाकारतात. मुंबई-पुण्यात चलन घेतानाच नोटा उजेडात धरून बघा आणि 1, 5 आणि 10 च्या नोटा मागून घ्या. शनिवार-रविवारी किंवा कामाच्या वेळेबाहेर लाओसच्या नाक्यावर किरकोळ जादा शुल्क घेतात. काही ठिकाणी शिक्क्यामागे डॉलरभर मागायची रीत पडली आहे. मी गट घेऊन असते तेव्हा पावती मागते. पावती आली तर पैसे देते, नाही आली तर तिथेच शांत उभी राहते. पण मागे पूर्ण बस खोळंबलेली असेल आणि सोबत आई असेल तर त्या एका डॉलरसाठी झुंजायचं की नाही हे तुम्हीच ठरवा. लाओसचं चलन, म्हणजे कीप, लाओस सोडण्याआधी संपवा, बाहेर त्याला कोणी विचारत नाही.

आता मी सुचवते तो रस्ता. व्हिएंटियान ते सावन्नाखेत रस्ता 13 ने साधारण साडेचारशे-पावणेपाचशे किलोमीटर, दिवसाच्या बसने आठ-नऊ तास. ते जड वाटलं तर मध्ये थाखेकला मुक्काम करा. मेकाँगच्या काठचं निवांत गाव आहे, समोर नदीपलीकडे थायलंडचे दिवे दिसतात. सावन्नाखेतहून रस्ता 9 सरळ पूर्वेला जातो, पलीकडच्या लाओ बाओपर्यंत. घाट अगदी किरकोळ. बँकॉककडून सावन्नाखेतच्या दुसऱ्या मैत्री पुलावरून दा नांगच्या बंदरापर्यंत मालवाहतुकीसाठी हा पट्टा बांधून काढला आहे, म्हणून नाकाही मोठा आणि रुळलेला आहे. दोन्ही चौक्यांमधलं अंतर आईंना झेपेल इतकं आहे. पुढे 'डोंग हा' नावाचं शहर आणि मग हुए. सगळं मिळून चारशेच्या आसपास किलोमीटर, सकाळी निघालात तर संध्याकाळी हुएला जेवायला.

इथे एक फसगत होते. सावन्नाखेतहून हुए आणि दा नांगला रात्री सुटणाऱ्या गाड्याही आहेत, आणि एजंट त्याच आधी दाखवतो, कारण 'हॉटेलचं एका रात्रीचं भाडं वाचतं'. त्या गाड्याही पहाटे बंद नाक्यापुढे उभ्या राहतात आणि पुन्हा तीच कथा. सकाळची गाडीच मागा. ती रोज नसते, म्हणून पोचल्या दिवशीच स्थानकावर जाऊन विचारा. सकाळची थेट गाडी नसेल तर नाक्यापर्यंत स्थानिक बसने जा, पायी ओलांडा आणि लाओ बाओहून दुसरी बस घ्या. मी हे करताना थेट गाडीपेक्षा मोकळी असते, कारण सामान माझ्याजवळ असतं आणि कुणाची गाडी सुटणार नसते.

'थेट' या तिकिटाला म्हणून तीन प्रश्न विचारायचे. गाडी कुणाची? सीमेपलीकडे तीच गाडी जाणार का? कुठल्या नाक्यावरून? तिसऱ्या प्रश्नाला एजंट गुळमुळीत बोलला तर तिकीट घेऊ नका, कारण तुमचा व्हिसा त्या उत्तरावर अवलंबून आहे.

रस्ता 8 किंवा 9, कुठूनही गेलात तरी एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. बस आडरानात थांबते तेव्हा लोक लघवीला झाडीत जातात. तुम्ही डांबरापासून किंवा मळलेल्या पायवाटेपासून लांब जाऊ नका. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. हो चि मिन्ह मार्ग, म्हणजे युद्धात उत्तर व्हिएतनामच्या सैन्याची रसदवाट, याच पट्ट्यातून जात होता, आणि न फुटलेले छोटे बॉम्ब अजून मातीत आहेत. शेतात काम करणाऱ्यांचे, खेळणाऱ्या मुलांचे जीव आजही त्यात जातात. बायकांना आडोसा लागतो म्हणून त्या साहजिकच आणखी आत जातात. मी गटाबरोबर एक गडद रंगाची मोठी ओढणी ठेवते, दोघींनी धरली की रस्त्याच्या कडेलाच आडोसा होतो. बहुतेक बसमध्ये स्वच्छतागृह नसतं किंवा कुलूप लावलेलं असतं. आई पाणी कमी पिऊन हा प्रश्न सोडवतील, तसं करू देऊ नका. ड्रायव्हरला सुटण्याआधीच खुणेने आईंकडे बोट दाखवून सांगून ठेवा, वयस्कर माणसासाठी तो थांबतो. या देशांत वडीलधाऱ्यांचा मान मोठा आहे आणि त्याचा आधार घ्यायला संकोच करू नका.

शाकाहाराचं म्हणाल तर बस थांबते त्या खानावळीत भात नक्की मिळतो, परतलेली पालेभाजी मिळते, पण फिश सॉस बहुतेक सगळ्यात पडलेला असतो. लाओसमध्ये चिकट भाताचे वाफाळते करंडे मिळतात. तो भात, केळी आणि घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी यावर दिवस उत्तम निघतो. दशम्या, भडंग, खाकरे घ्या. व्हिएतनाममध्ये बौद्ध शाकाहारी खाणावळी गावोगाव आहेत, हुएमध्ये तर भरपूर. तिथे पोचल्यावर आईंचं जेवण चांगलं होईल.

दिवस कुठले निवडायचे? नोव्हेंबरअखेर ते मार्च. जुलै ते सप्टेंबर लाओसच्या डोंगरात दरडी कोसळतात, आणि सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत मध्य व्हिएतनामला वादळं आणि पूर गाठतात. हुए तर पाण्यात जातंच. जानेवारी-फेब्रुवारीत तेतचा, म्हणजे त्यांच्या नववर्षाचा आठवडा टाळा, सगळा देश गावी जात असतो. आपल्या दिवाळीतल्या एसटी स्टँडची गर्दी आठवा. एप्रिलच्या मध्यावर लाओस, थायलंड आणि कंबोडिया तिघांचंही नववर्ष एकत्र येतं, तेव्हाही तसंच.

परतीला त्याच रस्त्याने येऊ नका. त्यासाठी लाओसचा नवा व्हिसा लागेल आणि आईंना तोच शीण पुन्हा होईल. हनोईहून मुंबईला थेट विमानं आहेत. व्हिएतनामचा एकदा प्रवेशाचा 25 डॉलरचा व्हिसा मग पुरतो. परतीच्या तिकिटाची प्रतही जवळ ठेवा, नाक्यावर कधीकधी विचारतात.

तुम्हाला देश ओलांडणारा बसप्रवास करायचाच असेल आणि आई उत्साही असतील, तर पुढच्या खेपेला हो चि मिन्ह सिटी ते नॉम पेन्ह करा. सगळ्यात सोपा मार्ग तोच: दिवसाची गाडी, मोक बाय-बावेतचा नाका, सहा-सात तास. पूर्वी नेआक लुआंगला मेकाँग ओलांडायला बसला फेरीची वाट बघावी लागायची. 2015 मध्ये जपानच्या मदतीने पूल झाला आणि ती वाट बघणं संपलं. थायलंड-कंबोडिया सीमा मात्र 2025 च्या जूनपासून, दोन्ही सैन्यांच्या चकमकींमुळे, प्रवाशांना बंद झाली. त्यामुळे बँकॉक ते सिएम रीप बसचं जुनं वर्णन कुठे वाचलंत तर निघण्याआधी सध्याची स्थिती तपासल्याशिवाय पैसे भरू नका.

आता कामाला लागायचं ते असं. आधी लाओ बाओ ओलांडायचा दिवस पक्का करा, आठवड्याच्या मधला, शनिवार-रविवार सोडून. मग व्हिएतनामचा ई-व्हिसा, निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी, सरकारी संकेतस्थळावरूनच. मग हुए-हनोईची रेल्वे, चार बर्थच्या मऊ गादीच्या डब्यात आईंना खालचा बर्थ. ही गाडी तेरा-चौदा तास घेते, आणि खालचे बर्थ लवकर संपतात. रेल्वेचं तिकीट सीमा ओलांडल्याच्या दुसऱ्या दिवशीचं नको, तिसऱ्या दिवशीचं घ्या, म्हणजे नाक्यावर काही अडलं तरी हातात एक दिवस उरतो. लाओसमधल्या बसची तिकिटं भारतातून काढू नका, ती तिथे स्थानकावरच आदल्या दिवशी मिळतात.